कमरेचं रिव्हॉल्वर झाकायचं असतं, दाखवायचं नसतं

पनवेल-उरण पट्ट्यात बातमीदारी करताना एक दृश्य मी कित्येकदा बघितलंय. लग्नात नाहीतर भूमिपूजनाला पांढऱ्या शर्टातला कुणीतरी खुर्चीवर बसताना शर्ट मुद्दाम जरा वर सरकवतो. कमरेचं रिव्हॉल्वर दिसलं पाहिजे ना! मोठी माणसं गप्प बसतात, पोरं भारावून जातात. म्हणून आज थोडा इतिहास.

1857 नंतर इंग्रजांनी इथल्या माणसाच्या हातातलं हत्यार काढून घेतलं. लॉर्ड लिटनच्या काळात 1878 चा शस्त्र कायदा आला. भारतीयाला लायसन्स सक्तीचं, युरोपियनाला सूट. हा अपमान लोकांना बोचत राहिला. 1927 मध्ये नागपुरात मंचरशा आवारी यांनी उघडपणे शस्त्रं मिरवून हा कायदा मोडला आणि तुरुंगात गेले. लोक त्यांना 'जनरल आवारी' म्हणत. गांधीजींना हा मार्ग पटला नाही. पण 1931 च्या कराची काँग्रेसच्या ठरावात, नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क आलाच.

मग तो संविधानात का नाही? डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विरोध केला. मुद्दा सरळ होता. मूलभूत हक्क करून ठेवला, तर गुन्हेगारही तोच हक्क सांगत उभा राहणार. दुरुस्ती फेटाळली गेली. म्हणून आपल्याकडं हत्यार हा हक्क नाही, ती परवानगी आहे. 1959 चा कायदा 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू झाला, तो याच पायावर.

आता 2016 चे नियम बघा. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल-रिव्हॉल्वर होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि बाळगणाऱ्याच्या पक्क्या ताब्यात हवं. म्हणजे शर्ट वर सरकवणं ही ऐट नाही, नियमभंग आहे. 2019 च्या दुरुस्तीनं तर आनंदाच्या भरात निष्काळजीपणे गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं ठरवलंय.

याच 2016 च्या नियमांनी अर्जदाराला सुरक्षा प्रशिक्षणाची अट घातली. हत्यार कसं हाताळायचं, कसं बाळगायचं, घरात कुठं ठेवायचं, हे सगळं त्यात येतं. गरज का आहे? झाकलेल्या होल्स्टरमधून हत्यार काढणं सिनेमात एका झटक्यात होतं. खरं तर आधी कपडा बाजूला करायचा, मूठ पक्की धरायची आणि निशाणा लागेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर ठेवायचं. परत ठेवताना तर आणखी सावकाश, कारण शर्टाचं टोक ट्रिगरमध्ये अडकलं तरी गोळी सुटू शकते. हा सराव रिकाम्या हत्यारावर, जाणत्या प्रशिक्षकासमोर, शेकडो वेळा करायचा असतो. लग्नाच्या मांडवात नव्हे.

1 ऑक्टोबर 2024 ची पहाट आठवा. अभिनेते गोविंदा यांच्या स्वतःच्या लायसन्सच्या रिव्हॉल्वरमधून गोळी सुटली आणि त्यांच्याच पायात घुसली. समोर शत्रू नव्हता, भांडण नव्हतं. कायदा लागू झाला त्याला त्या दिवशी बरोबर 62 वर्षं झाली होती.

निवडणूक आली की पोलीस परवान्याची हत्यारं जमा करून घेतात, तेव्हा आपल्याला जरा सुरक्षित वाटतं. मग उरलेल्या दिवसांचं काय? आपल्या भागात लायसन्स देतं पोलीस आयुक्तालय. माझी मागणी साधी आहे. नव्यांचं प्रशिक्षण खरंच रेंजवर होतंय का, ते तपासा. जुन्या परवानाधारकांनाही एकदा रेंजवर बोलवा. आणि तुम्ही, मंडळी, कुणी शर्ट वर सरकवला तर भारावून जाऊ नका. नियम विचारा.

पटलं तर पुढं पाठवा.