महापाषाणी थडगीं व पाचखेडची पांढर

वऱ्हाडांतील जुन्या वस्तीचा माग काढणारास 'काळी' व 'पांढरी' हे दोन शब्द फार उपयोगी पडतात. जींत पीक होतें ती काळी व जेथें माणसांची घरें आहेत किंवा होतीं ती पांढरी. घरें पडतात, त्यांच्या भिंतींची माती व चुलींची राख तेथेंच सांचते, तिजवर नवीं घरें उठतात. आणि अशा रीतीनें ती जागा भोंवतालच्या रानाहून उंच व रंगानें फिकी होत जाते. यवतमाळ जिल्ह्यांत बाभूळगांव तालुक्यांतील पाचखेड येथें अशीच एक उंच पांढर आहे. नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृति व पुरातत्त्व विभागानें इ. स. २०२३-२४ मध्यें तेथें उत्खनन केलें, तेव्हां आठ मीटरांहून अधिक जाडीचे वस्तीचे थर लागले. तळाशीं लोहयुग, त्यावर सातवाहनकाळ, त्यावर मध्ययुग व माथ्यावर निझामी अंमल, असा चार काळांचा क्रम उत्खननकारांनीं लाविला आहे. तळचा थर सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींचा असल्याचें त्यांचें मत आहे.

पाचखेडची प्रसिद्धि वस्तीमुळें झाली, थडग्यांमुळें नव्हे. असें असतां महापाषाणी थडग्यांच्या वर्गीकरणाविषयीं लिहितांना आम्हीं प्रारंभींच या पांढरीचें नांव कां घेतलें, अशी शंका वाचकांस येईल. तिचें उत्तर हाच या लेखाचा विषय होय. आमचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं थडग्याच्या बाह्य घडणीवरून त्याचा काळ ठरत नाहीं व तें बांधणारा समाजही ठरत नाहीं. घडण, आंतील भरणा, प्रेताबरोबर ठेविलेल्या वस्तू आणि त्याच लोकांची पांढर, या चारही गोष्टी जुळल्याशिवाय केलेलें वर्गीकरण अपुरें राहतें.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर केला पाहिजे. पश्चिम युरोपांत प्रचंड शिळांनीं बांधलेलीं थडगीं बव्हंशीं नवाश्मयुगांतलीं आहेत. म्हणजे तीं बांधणारे लोक शेती करीत, परंतु त्यांस लोखंड ठाऊक नव्हतें. त्यांच्या घडणीवरून स्वीडिश पंडित मोंटेलियस यांनीं एक क्रम लाविला. आधीं साधा शिलामंच, मग आंत जाण्यास लांब वाट असलेलें थडगें व अखेर शिळांची पेटी, असा तो क्रम होय. आणि या चालीचें मूळ पूर्वेकडील देशांत असावें असेंही त्यांनीं प्रतिपादिलें. हें मत पुष्कळ वर्षें मान्य होतें. पुढें कार्बन-१४ च्या साह्यानें काळ मोजतां येऊं लागला, तेव्हां फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांतील कांहीं थडगीं इजिप्तच्या पिरॅमिडांहूनही दीड-दोन हजार वर्षांनीं जुनीं ठरलीं व पूर्वेच्या मुळाची कल्पना ढांसळली. इ. स. २०१९ मध्यें शुल्झ पॉल्सन या विदुषीनें २४१० कालमापनें एकत्र तपासून या थडग्यांचा आरंभ वायव्य फ्रान्सांत इ. स. पू. ४५०० च्या सुमारास झाला असा निष्कर्ष काढला.

आपल्याकडील गोष्ट निराळी आहे. दक्षिण भारतांतील व विदर्भांतील महापाषाणी थडग्यांत लोखंडाचीं हत्यारें विपुल सांपडतात. विदर्भांतील थडगीं सामान्यतः इ. स. पूर्वीच्या पहिल्या सहस्रकांतलीं आहेत. त्यांस नवाश्मयुगीन म्हणणें म्हणजे तीन-चार हजार वर्षांची चूक करणें होय. शिळा मोठ्या म्हणून युग एक, हें अनुमान टिकत नाहीं. फार दूर कशाला, गडचिरोली जिल्ह्यांतील माडिया गोंडांत मृताच्या स्मरणार्थ दगड उभा करण्याची चाल अलीकडच्या काळापर्यंत चालत आलेली आहे. तो दगड व अडीच हजार वर्षांपूर्वींचा दगड शेजारीं शेजारीं ठेविले, तर केवळ पाहून त्यांचा काळ कोण सांगूं शकेल?

आमच्या हस्तलिखितसंग्राहक वाचकांस हें तत्त्व नवें नाहीं. मायना व शिक्का फाटून गेलेलें मोडी पत्र हातीं आलें, तर अक्षराच्या वळणावरून आपण काळाचा अंदाज करतों. परंतु जुनें वळण मागाहूनही गिरविलें जातें हें ध्यानांत ठेवून, तें पत्र कोणत्या दप्तरांत व कोणत्या कागदांच्या सोबतीनें निघालें हेंही विचारतों. थडग्याची घडण हें अक्षराचें वळण आहे. त्याचें दप्तर जमिनींत आहे.

आतां घडणीचे प्रकार पाहूं. इ. स. १९४९ मध्यें व्ही. डी. कृष्णस्वामी यांनीं दक्षिणेंतील प्रकारांस निश्चित नांवें देऊन मोठाच घोळ मिटविला. उभा केलेला एकटा दगड, उभ्या शिळांवर आडवी शिळा ठेवून केलेला शिलामंच, जमिनींत पुरलेली शिळांची पेटी, धोंड्यांची रास, तिला किंवा पेटीला वेढणारें शिलावर्तुळ, केरळांतील टोपीच्या आकाराचे दगड व खडकांत खोदलेल्या गुहा, असे ते मुख्य प्रकार होत. विदर्भांत यांपैकीं शिलावर्तुळाचेंच प्राबल्य आहे. मोठमोठ्या धोंड्यांचें कडें व आंत माती, मुरूम आणि गोटे यांचा भरणा, अशी त्याची सामान्य रचना असते. पूर्वेस भंडारा व चंद्रपूर या बाजूंस शिलामंचही आढळतात. सबब विदर्भ एक व त्याचें थडगेंही एक, असें म्हणतां येत नाहीं.

या वर्तुळांकडे प्रथम लक्ष गेलें तें एकोणिसाव्या शतकांत. नागपुरास राहणारे स्कॉटिश पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनीं टाकळघाट येथील वर्तुळांचा शोध चालविला होता. तेथून परततांना ता. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं ओढ्याच्या पुरांत सांपडून त्यांचा अंत झाला. त्यांच्या टिपणांतील आदिवासींविषयींचा भाग रिचर्ड टेंपल यांनीं इ. स. १८६६ मध्यें छापून काढला, म्हणून तो आज उपलब्ध आहे. पुढें मेजर पिअर्स यांनीं इ. स. १८६७ मध्यें कामठीजवळ उकरकाम केलें. रिव्हेट-कार्नाक यांनीं जुनापाणी येथील वर्तुळें उघडलीं व धोंड्यांवर कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांची नोंद केली. परंतु तसे खळगे युरोपांतही आहेत एवढ्यावरून दोहोंचा संबंध जोडण्याकडे त्यांचा कल झाला. घडणीच्या साम्यानें चांगल्या निरीक्षकासही भुरळ पडते, ती अशी. शिवाय त्या काळच्या उकरकामांत वस्तू वर आल्या, पण कोणती वस्तू कोणत्या थरांत व कोणत्या वस्तूशेजारीं होती हें बहुधा लिहून ठेविलें गेलें नाहीं. ती हानि आतां भरून निघण्यासारखी नाहीं.

थर पाहून खोदण्याचें काम विदर्भांत स्वातंत्र्यानंतर सुरू झालें. श्री. थापर यांनीं इ. स. १९६१-६२ मध्यें जुनापाणी येथें तीन वर्तुळें उघडलीं. पुढें डॉ. शां. भा. देव यांनीं माहुरझरी येथील वर्तुळें खोदलीं. या व इतर स्थळीं मिळून जें दिसलें तें असें: काळीं-तांबडीं मातीचीं भांडीं, लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर व भाले, तांब्याचीं झांकणें, त्यांवर पक्ष्यांच्या आकृति, मौल्यवान खड्यांचे मणी, आणि कांहीं ठिकाणीं घोड्याचीं हाडें, त्याच्या तोंडांतील लोखंडी लगाम व मुखावरील तांब्याचे अलंकार. घोड्याचा हा मान विदर्भाच्या थडग्यांचें विशेष लक्षण होय. दक्षिणेंतील ब्रह्मगिरीची शिलापेटी व जुनापाणीचें वर्तुळ हीं दोन्हीं महापाषाणी खरीं. परंतु आंतील सामग्री पाहतां त्यांचे कर्ते एकाच समाजाचे होते असें धरून चालतां येत नाहीं.

परंतु थडगें हें माणसाचें अखेरचें घर; पहिलें कोठें आहे? हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित राहिल्यामुळें हे लोक केवळ भटके पशुपालक असावेत असें मत निघालें व लेश्निक यांनीं इ. स. १९७४ मध्यें तें विस्तारानें मांडलें. हीं वर्तुळें गवळ्यांचीं आहेत हा लोकप्रवादही या मताशीं जुळणारा आहे. तथापि डॉ. देव यांनीं इ. स. १९६८-६९ मध्येंच याचें एक उत्तर हातीं दिलें होतें. टाकळघाटची पांढर व जवळच्या खापा येथील वर्तुळें त्यांनीं एकाच वेळीं खोदलीं, तों दोहोंत एकाच जातीचीं भांडीं निघालीं. थडगें व घर यांचा सांधा येथें जुळला. हिस्लॉप ज्या गांवाहून परत येऊं शकले नाहींत, त्याच गांवीं शंभर वर्षांनीं हा दुवा मिळावा हा योग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. पुढें नायकुंड येथें डॉ. देव व डॉ. जामखेडकर यांस लोखंड गाळण्याची भट्टी सांपडली. आणि भागीमोहारीच्या वस्तींत धान्याचे दाणे मिळाले. जो समाज धातु गाळतो व धान्य सांठवितो, तो सर्वस्वीं भटका म्हणतां येणार नाहीं. कांहीं लोक गुरांमागें व कांहीं वस्तींत, अशी स्थिति संभवते.

पांढरीची साक्ष दुसऱ्याही एका कामीं येते. महापाषाणी काळापूर्वीं महाराष्ट्रांत जे ताम्रपाषाणयुगीन शेतकरी होते, ते मृतांस पांढरींतच पुरीत. पुणें जिल्ह्यांतील इनामगांव येथें घराच्या जमिनीखालीं, तोंडास तोंड लावलेल्या दोन रांजणांत मुलांचीं दफनें निघालीं आहेत. विदर्भांतील लोहयुगीन समाजानें मृतांस वस्तीबाहेर नेलें व त्यांच्यावर धोंड्यांचें कडें उभारलें. एक चाल घराच्या आंतली, दुसरी बरडावरची. हा फरक केवळ थडगीं पाहून दिसत नाहीं. तो पांढरीशेजारीं थडगें ठेविलें म्हणजेच दिसतो.

येथें पाचखेडचें महत्त्व स्पष्ट होतें. विदर्भाच्या नकाशावर शिलावर्तुळांची दाटी नागपूरच्या आसमंतांत दिसते. परंतु पहिले शोधक नागपूर-कामठीस राहणारे होते व यवतमाळचा मुलूख इ. स. १८५३ पर्यंत निझामाच्या वऱ्हाडांत होता, हेंही विसरतां कामा नये. त्या दाटींत प्राचीन वस्तीइतकाच शोधकांच्या बिऱ्हाडांचाही वांटा असावा असा आमचा तर्क आहे. वर्धा नदीच्या कांठीं कौंडिण्यपूर येथें डॉ. मो. गं. दीक्षित यांच्या उत्खननांत महापाषाणी काळाची वस्ती लागली होतीच. आतां पाचखेडनें यवतमाळ जिल्ह्यांतही लोहयुगाची पांढर दाखविली आहे. या पांढरीचे लोक आपल्या मृतांस कोठें व कसे नेत, हा पुढचा प्रश्न आहे. व त्याचें उत्तर जिल्ह्यांतील बरड जमिनींवर पायीं हिंडूनच मिळेल.

या कामीं आमच्या वाचकांकडून दोन प्रकारचें साह्य होण्यासारखें आहे. पहिलें कागदपत्रांचें. शिवेच्या तंट्यांचे महजर, पाटील-देशमुखांचीं दप्तरें, जुने मोजणीचे नकाशे यांत धोंड्यांच्या कड्याचा शिवेची खूण म्हणून उल्लेख आल्यास त्याची नक्कल करून ठेवावी. शोध घेतांना इ. स. १९०५ पूर्वीं हा जिल्हा वणी या नांवानें ओळखला जात असे हें स्मरणांत असावें. दुसरें साह्य जमिनीवरचें. वर्तुळ दिसल्यास गांव, शेताचा क्रमांक, वर्तुळांची संख्या, व्यास, धोंड्यांवरील खळगे आणि जवळच्या नदीचें व पांढरीचें अंतर एवढें लिहून घेऊन पुरातत्त्व खात्यास कळवावें. मात्र उकरूं नये. वर्तुळांतून उचललेली कुऱ्हाड कपाटांत शोभेल, पण ती दप्तरांतून फाडलेल्या पानासारखी मुकी होईल.

खडीसाठीं धोंडे फुटत आहेत, मुरुमासाठीं बरड खणले जात आहेत व नांगराच्या वाटेंत येणारें कडें बांधावर टाकलें जात आहे. पांढर उंच असल्यानें ती नजरेंत भरते व कांहीं अंशीं तरी राखली जाते. वर्तुळाचे चार धोंडे हलले कीं तें वर्तुळ राहत नाहीं. पाचखेडच्या घरांचा पत्ता लागला आहे. तेथील माणसांच्या थडग्यांचा पत्ता लागण्यापूर्वींच तीं खडीच्या ढिगांत जाऊं नयेत, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच. इत्यलम्.