नाव पुसलेला टर्बो

वऱ्हाडच्या दळणवळणाचा इतिहास लिहावयाचा तर कागदोपत्री साधनांची वाण नाही. कापूस, जिनिंग, रेल्वे यांविषयी इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरे भरभरून बोलतात. अगदी अलीकडे, जून २०२२ मध्ये, अमरावती व अकोला यांच्या दरम्यान लोणी ते माना या टप्प्यात राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला. त्याची नोंद गिनेसच्या विक्रमांत झाली. मात्र याच रस्त्यावर धाप लागून उभा राहिलेला मालट्रक कोणी, कोणत्या सुट्या भागांनिशी पुन्हा चालता केला, याची दप्तरे कोणी ठेवलेली नाहीत. त्या दुसऱ्या इतिहासाचा एक तुकडा आम्ही येथे पाहू इच्छितो: डिझेल ट्रकचा टर्बोचार्जर, आणि तोही मूळ कंपनीचा नव्हे, तर मागाहून बाजारातून आणून बसवलेला.

टर्बोची कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. तिचे पेटंट १९०५ सालचे. इंजिनातून वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरवावा आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकावरील पंख्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, इतकी ती सरळ आहे. जहाजांना ती १९२० च्या दशकात लाभली, ट्रकांना १९३० च्या दशकाअखेरीस. आपल्याकडे टेल्कोने १९५४ साली डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधावयास आरंभ केला, तेव्हाची इंजिने टर्बोवाचूनच चालत. मिस्त्र्यांच्या एका अख्ख्या पिढीचा हात त्या इंजिनांवर बसला. टाटा-कमिन्सची भागीदारी १९९३ सालची. पुढे २००० पासून धुरावरील निर्बंध कडक होत गेले आणि टर्बो ही चैन न राहता गरज झाली. ज्या मिस्त्र्यांना तो कोणी शिकवला नव्हता, त्यांच्यापुढे तो आता उघडून दुरुस्त करण्यासाठी येऊ लागला.

(‘होल्सेट’ हे टर्बोवरील सुपरिचित नाव होम्स आणि क्रोसे या दोन आडनावांचा जोड आहे. शब्दव्युत्पत्तीची आवड असणाऱ्या वाचकांसाठी एवढे नमूद करून पुढे जाऊ.)

मूळ टर्बोच्या अंगावर एक लहानशी धातूची पट्टी असते. तीवर भागाचा क्रमांक कोरलेला असतो. तो क्रमांक दुकानदाराला सांगितला की बुश, थ्रस्ट बेअरिंग, सीलच्या रिंगा यांचे किट मिळते. नकलेच्या बाबतीत अडचण येथेच सुरू होते. पट्टी नसते, किंवा असते ती नकलकाराच्या स्वतःच्या क्रमांकाची, आणि तो क्रमांक कोणत्याही मान्य यादीत सापडत नाही. मग मिस्त्रीला उलटा प्रवास करावा लागतो. ही नक्कल कशाची? तो शाफ्टचा व्यास मायक्रोमीटरने घेतो, दोन्ही पंख्यांचा लहान व मोठा व्यास मोजतो, पाती मोजतो, पंखा कोणत्या बाजूला फिरतो ते पाहतो, तेलाच्या छिद्रांची जागा ताडतो. एवढ्यावरून तिचे मूळ घराणे ठरते. त्यानंतरच भागांचा शोध. स्थानिक दुकान, नाही तर नागपूर, नाही तर मुंबईतील कुर्ल्याच्या भंगार बाजारातून निघालेला एखादा जुना सांगाडा.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना ही रीत अनोळखी वाटू नये. अमरावती जिल्ह्यातल्याच रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. ती मूळ पोथी पुढे धामधुमीत नाहीशी झाली आणि अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा जुळवली, असे महानुभाव परंपरा सांगते. त्यातून निरनिराळे पाठ निर्माण झाले. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली आवृत्ती १९७८ साली प्रसिद्ध झाली, तिच्यामागे अशा पोथ्या ताडून पाहण्याचा प्रचंड खटाटोप आहे. प्रत हाती आहे, मूळ हाती नाही, आणि प्रतींच्या खुणांवरून मुळाचा माग काढावयाचा: पाठचिकित्सक व टर्बोचा मिस्त्री यांच्या कामाची जात एकच आहे, असे आमचे मत आहे.

तरीही हे साम्य फार ताणण्यात अर्थ नाही. पोथीतला अपपाठ शतकानुशतके सुखाने नांदू शकतो. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो, आणि तोही तेलाच्या एका पातळ थरावर तरंगत. बुशात केसाएवढे अंतर चुकले तर पंखा कवचाला घासतो, तेल इंजिनात शिरते, गाडी निळा धूर ओकू लागते. म्हणून जुळवलेला शाफ्ट पंख्यांसह बॅलन्सिंगच्या यंत्रावर तोलून घ्यावाच लागतो, आणि असे यंत्र प्रत्येक गॅरेजात नसते. ज्या मालकाला उद्याच तूर किंवा सरकी भरून निघावयाचे आहे, तो या पायरीवर घाई करतो, आणि नकलेची बदनामी बहुधा येथूनच सुरू होते. सगळा दोष नकलेचा नसतो. पण काहींचा असतोच. टर्बाइनचा पंखा सातशे-आठशे अंश तापमान सोसणाऱ्या निकेल-मिश्रधातूचा हवा. तेथे हलका धातू वापरला असेल, तर नुसत्या मापांवरून ते कळत नाही.

हे सारे ज्ञान वहीत नाही, हातात आहे. कोणती नक्कल कोणत्या मूळ टर्बोवरून उतरली, कोणते किट तिला चालते, हे उस्तादाकडून पोऱ्याकडे तोंडी जाते. आपल्या विद्यापीठांतून लोकगीते, ओव्या, उखाणे यांचे संकलन झाले; मिस्त्र्यांच्या बोलीचे व ज्ञानाचे तसे संकलन हाती घ्यावे, असे आम्हांस वाटते. त्यासाठी वेळ फार उरलेला नाही. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे निकष आले. नव्या पिढीच्या अनेक टर्बोंवर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असते आणि ते संगणकाशी जोडल्यावाचून नीट बसवता येत नाही. वाहने भंगारात काढण्याचे धोरण २०२१ मध्ये जाहीर झाले. जुन्या गाड्यांतही आता भाग बदलण्याऐवजी मधले अख्खे कार्ट्रिज टाकण्याची रीत वाढली आहे. त्यात वेळ वाचतो, तोलण्याची कटकटही उरत नाही.

काढलेला जुना टर्बो मग भंगारवाल्याकडे जातो. तो ॲल्युमिनियमचे कवच वेगळे करतो, बिडाचे वेगळे, आणि दोन्ही आपापल्या भावाने किलोवर विकतो. पट्टी असलीच, तर ती ॲल्युमिनियमबरोबर तोलली जाते.