गायकाची निवृत्ती आणि पुन्हा मंचावर येणे

बँकेत निवृत्तीची तारीख नोकरीच्या पहिल्याच दिवशी ठरलेली असते. जन्मतारीख नोंदली की साठाव्या वर्षाचा महिना आपोआप निघतो. गवयाचे तसे नसते. त्याला सेवानिवृत्तीचा आदेश कोणी देत नाही. कधी आजार थांबवतो, कधी घर थांबवते, कधी वय थांबवते, आणि एखादा कलाकार स्वतःच "आता पुरे" म्हणतो. त्यांतले काही पुन्हा मंचावर येतात. अशा पुनरागमनाची काही प्रसिद्ध उदाहरणे मंडळाच्या सभासदांसाठी या लेखात एकत्र केली आहेत. त्यांत एक प्रश्न समान आहे: परतलेल्या गायकाकडून ऐकणाऱ्याने काय अपेक्षा ठेवावी?

बडोदे आणि किराणा घराणे

सुरुवात आपल्या गावापासून करू. उस्ताद अब्दुल करीम खाँ काही काळ बडोदे दरबारात गायक होते. मराठा सरदार माने यांची कन्या ताराबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि दोघांनी बडोदे सोडले. त्यांच्या मुलांपैकी सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे ही तीन नावे महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली. हिराबाईंचा जन्म १९०५ साली मिरजेस झाला, तरी आडनाव मात्र "बडोदेकर" लागले. स्त्रियांनी तिकीट लावून जाहीर मैफल करण्याचा रस्ता ज्यांनी मोकळा केला, त्यांत त्यांचे नाव पहिल्या रांगेत येते.

अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व. त्यांच्या शिष्यांत गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी. या दोघांचा उल्लेख पुढे येणार आहे.

आजारामुळे थांबलेले गाणे: कुमार गंधर्व

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे झाला. लहानपणी ते मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवीत, आणि त्यावरूनच "कुमार गंधर्व" हे नाव मिळाले. मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिक्षण झाले. १९४७ साली देवधरांच्याच शिष्या भानुमती कंस यांच्याशी विवाह झाला आणि त्याच सुमारास क्षयाचे निदान झाले.

कोरड्या हवेसाठी ते माळव्यात देवासला गेले. ते देवासला पोहोचले तो दिवस ३० जानेवारी १९४८, म्हणजे गांधीजींच्या हत्येचा. गाणे पूर्ण बंद झाले. भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी करून घर चालवले आणि शुश्रूषाही केली. अंथरुणावर पडल्या पडल्या कुमारांच्या कानावर रस्त्याने जाणाऱ्यांची, बायकांची, फकिरांची गाणी पडत. माळव्यातली ही लोकगीते त्यांनी मनात साठवली, पुढे लिहून काढली.

क्षयावर पहिले खरे औषध ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत सापडले होते. ते १९५२ साली कुमारांना मिळाले. १९५३ पासून ते पुन्हा जाहीर गाऊ लागले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते, त्यामुळे पूर्वीसारखा लांब दमसास शक्य नव्हता. छोट्या, टोकदार आणि अचानक उसळणाऱ्या स्वरवाक्यांची जी गायकी पुढे "कुमारांची" म्हणून ओळखली गेली, ती या मर्यादेतून घडली असे अनेक जाणकार मानतात. ती त्यांची स्वतंत्र निवड होती, असेही मत आहे.

परतल्यावर त्यांनी जुनी पुंजी नुसती उलगडून दाखवली नाही. लोकधुनांवरून त्यांनी नवे राग बांधले आणि त्यांना "धुनउगम राग" म्हटले. निर्गुणी भजने मैफलीत आणली. "गीतवर्षा"सारखे ऋतुसंगीताचे कार्यक्रम केले, बालगंधर्वांच्या गायकीवरही स्वतंत्र कार्यक्रम केला. "अनुपरागविलास" हा त्यांच्या बंदिशींचा ग्रंथ १९६५ साली निघाला. त्याआधी १९६१ साली भानुमतीबाई गेल्या होत्या. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच कुमारांचे निधन झाले. मंचावरून दूर काढावी लागलेली ती पाच-सहा वर्षे वजा केली, तर या कामातले बरेचसे उरत नाही.

घरामुळे थांबलेले गाणे: बेगम अख्तर

फैजाबादच्या अख्तरीबाई १९३०च्या दशकातच नावारूपाला आल्या होत्या. १९४५ साली लखनौचे बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी यांच्याशी विवाह झाल्यावर त्यांचे गाणे थांबले. प्रकृती खालावत गेली. १९४९ साली त्या लखनौ आकाशवाणीच्या माइकसमोर पुन्हा उभ्या राहिल्या. समोर श्रोते नाहीत, पण घराघरांत आवाज पोहोचतो, असे ते पुनरागमन होते. त्यानंतर त्या बेगम अख्तर या नावानेच ओळखल्या गेल्या आणि पुढची पंचवीस वर्षे गायल्या. शेवटची मैफल आपल्याच गुजरातेत अहमदाबादला झाली. तिथेच ३० ऑक्टोबर १९७४ रोजी त्यांचे निधन झाले.

स्वेच्छेने थांबून दूरदर्शनसमोर परतणे: फ्रँक सिनात्रा

निवृत्ती जाहीर करून, निरोपाचा कार्यक्रम करून, पुढे दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर परत येणे, याचे जगातले सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकन गायक फ्रँक सिनात्रा यांचे. १३ जून १९७१ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांनी निरोप घेतला. वय ५५. दोनच वर्षांत, १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये, नवी ध्वनिमुद्रिका आणि दूरचित्रवाणीवरील खास कार्यक्रम घेऊन ते परतले. १३ ऑक्टोबर १९७४ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुमारे वीस हजार श्रोत्यांसमोर त्यांचा कार्यक्रम झाला. मंच मुष्टियुद्धाच्या रिंगणासारखा मध्यभागी होता, चारही बाजूंना लोक, आणि प्रक्षेपण थेट.

या कार्यक्रमाच्या नावाने जी ध्वनिमुद्रिका निघाली, तिच्यात त्या महिन्यातल्या निरनिराळ्या शहरांतल्या कार्यक्रमांतील निवडक गाणी आहेत. थेट प्रक्षेपणात आवाज जसा लागेल तसा जातो, ध्वनिमुद्रिकेत निवड करता येते. कॅमेरा गायकाचा थकवाही दाखवतो आणि त्याची जिद्दही. सिनात्रा त्यानंतर वीस वर्षे गायले. त्यांचे न्यूयॉर्क शहरावरचे अतिशय लोकप्रिय गाणेही या पुनरागमनानंतरचे आहे.

आपल्याकडे दूरदर्शन दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक स्वरूपात आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील पीज येथून १९७५ साली प्रक्षेपण सुरू झाले. कुमार परतले तेव्हा देशात दूरचित्रवाणीच नव्हती. त्या पहिल्या मैफलींची साक्ष ऐकणाऱ्यांच्या आठवणीतच राहिली.

वयामुळे थांबलेले गाणे: गंगूबाई आणि भीमसेन

गंगूबाई हनगल यांना अस्थिमज्जेचा कर्करोग झाला होता. त्यातून २००३ साली त्या बऱ्या झाल्या. गायनकारकिर्दीच्या पंच्याहत्तराव्या वर्षानिमित्त मार्च २००६ मध्ये त्या मंचावर आल्या, तेव्हा त्या ९३ वर्षांच्या होत्या. ती त्यांची शेवटची मैफल ठरली. २१ जुलै २००९ रोजी हुबळीत त्यांचे निधन झाले.

भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात १९५३ साली सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला तेव्हापासून तो अनेक दशके सांभाळला. प्रकृतीमुळे नंतर त्यांचे जाहीर गाणे थांबले होते. २००७ च्या डिसेंबरमध्ये, ५५ व्या महोत्सवात, वयाच्या ८५ व्या वर्षी ते पुन्हा गायले. पुढच्या वर्षी त्यांना भारतरत्न जाहीर झाले. २४ जानेवारी २०११ रोजी ते गेले. या दोन्ही मैफलींना लोक तानांची मोजदाद करायला गेले नव्हते. पन्नास-साठ वर्षे ज्यांनी दिले, त्यांना समोर बसून ऐकायचे, एवढेच मनात होते.

न परतणेही एक निर्णय: केसरबाई केरकर

गोव्यातील केरी येथे १८९२ साली जन्मलेल्या केसरबाई केरकर यांनी १९६३-६४ च्या सुमारास जाहीर गाणे बंद केले आणि पुन्हा मंचावर आल्या नाहीत. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये व्हॉयेजर याने अवकाशात गेली. त्यांवरच्या सोनेरी तबकडीत केसरबाईंची एक जुनी भैरवी आहे. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्यांचे निधन झाले. पुनरागमनाची उदाहरणे वाचताना हा निर्णयही तितक्याच आदराने पाहावा.

परतलेला आवाज कसा ऐकावा

वयाबरोबर स्वरतंतूंची लवचिकता कमी होते, छातीचा भाता पूर्वीइतका भरत नाही. बायकांचा आवाज बहुधा खाली उतरतो. म्हणून परतणारा जाणता गायक पट्टी उतरवतो, तारसप्तकाचा मोह टाळतो, बैठक आटोपशीर ठेवतो आणि साथीला शिष्य घेतो. कमी दमात जागा कशी सांभाळावी, हे तो अनुभवाने जाणतो.

वरील उदाहरणांवरून निदान एवढे दिसते की जुना आवाज जसाच्या तसा परत येत नाही. कुमारांनी त्या काळातून माळवा आणला, बेगम अख्तर यांनी पंचवीस वर्षांचे गाणे आणले, गंगूबाई आणि भीमसेन यांनी स्वतःची उपस्थिती आणली. "पूर्वीसारखे गायला का?" हा प्रश्न घेऊन बसणाऱ्याच्या हाती यातले काही लागत नाही.

हे सांगण्यामागे घरचे कारण आहे. आपल्या मंडळाच्या अनेक कुटुंबांत गाणे शिकलेल्या सुना, काकू, मावश्या आहेत. लग्नानंतर, मुलांच्या परीक्षांत, सासऱ्यांच्या आजारपणात त्यांची पेटी माळ्यावर गेली. पुरुषांचे गाणे बदल्यांमध्ये राहून गेले. त्यांना पुन्हा गायला सांगायचे असेल तर गणेशोत्सवात एकदम ध्वनिक्षेपकासमोर उभे करू नये. आधी दहा-पंधरा जणांची घरगुती बैठक ठेवावी. पट्टी त्यांना ठरवू द्यावी. तबलजीला लय धिमी ठेवायला सांगावे. मोबाइलवर चित्रीकरण करायचे तर आधी विचारावे. आणि त्यांनी नको म्हटले, तर केसरबाईंची आठवण ठेवून आग्रह तिथेच थांबवावा.