पडद्यावरची गाठ

शिडाच्या बोटीवर नवी उपकरणं बसवायला निघालेल्या माणसाला दुकानदार आधी पडद्याचा आकार दाखवतो, मग रंग, मग भर उन्हात आकडे किती स्पष्ट दिसतात ते. पडदा कुठलाही घ्या, त्यावर वेग दिसणार तो ‘नॉट’मध्ये. नॉट म्हणजे गाठ, आणि तीही अगदी खरीखुरी, ओल्या दोरीला मारलेली आणि बोटांना लागणारी.

या गाठीच्या कुळाचा आरंभ लाकडापासून. नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून, लाकडाचा तुकडा पाण्यात टाकायचा आणि तो बोटीच्या मागच्या टोकाशी यायला किती वेळ लागतो ते पाहायचं, ही जुनी युक्ती. सोळाव्या शतकात इंग्रज खलाशी त्या लाकडाला दोरी बांधू लागले. विल्यम बोर्नच्या 1574 च्या पुस्तकात हे साधन आलेलं आहे. पुढे ओबडधोबड तुकड्याची चतकोर भाकरीच्या आकाराची फळी झाली. तिच्या गोल कडेला शिसं ठोकलेलं असे, त्यामुळे ती पाण्यात उभी राही आणि जवळपास जागची हलत नसे. बोट पुढे जाई, दोरी रिळावरून सुटत राही. एक जण रीळ धरी, दुसरा वाळूचं घड्याळ. सुरुवातीची दोरी तशीच जाऊ देत, कारण बोटीमागच्या खळबळत्या पाण्यात माप खोटं येई. खुणेची चिंधी हातातून गेली की घड्याळ उलटं करायचं. वाळू संपली की दोरी थांबवायची. हातातून गेल्या असतील तितक्या गाठी, तितका वेग.

माप ठरलं ते असं: दोन गाठींत 47 फूट 3 इंच, घड्याळ 28 सेकंदांचं. शाळेतलं त्रैराशिक मांडलं तर तासाला 6,075 फूट येतात, म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल. आधी मात्र सात वाव, म्हणजे 42 फुटांवर गाठ आणि 30 सेकंदांचं घड्याळ चाले. रिचर्ड नॉरवुडने लंडन ते यॉर्क अंतर मोजून 1637 मध्ये दाखवून दिलं की ही गाठ फारच आखूड आहे. त्याच्या हिशोबाने ती 51 फुटांवर हवी. खलाशी लगेच बधले नाहीत. आखूड गाठीने वेग जास्त दिसतो, किनारा जवळ आला असं वाटतं आणि माणूस वेळेआधी सावध होतो. खडकावर आपटण्यापेक्षा ही चूक परवडली! मला हा हट्ट शहाणपणाचा वाटतो.

नॉटमध्येच ‘तासाला’ आलं, तरी आपली वर्तमानपत्रं ‘ताशी वीस नॉट’ लिहितातच. त्या फळीचं नाव लॉग, म्हणजे ओंडका. तिच्या नोंदींची वही ती लॉगबुक. कचेरीत रोज सकाळी आपण ‘लॉगिन’ करतो ते याच ओंडक्याच्या वंशात.

1802 मध्ये एडवर्ड मॅसीने पाण्यात ओढायच्या फिरकीच्या लॉगचं पेटंट घेतलं. पुढे थॉमस वॉकरच्या कारखान्याने त्यात नाव काढलं. आज बोटीच्या तळाला एक लहानसं चाक असतं. त्याच्या पात्यांतलं चुंबक फिरतं, संवेदक फेरे मोजतो. उपकरणं एकमेकांशी बोलतात ती एनएमईए 0183 या 1983 च्या प्रमाणभाषेत किंवा तिच्या पुढच्या पिढीत, आणि 0183 मध्येही वेग नॉटमध्ये येतो.

जीपीएस असताना ते चाक कशाला, असं घेणारा हमखास विचारतो. समजा, मुंबई बंदरात ओहोटी दोन नॉटने समोरून येतेय. चाक पाच सांगेल, जीपीएस तीन. दोघंही खरंच बोलताहेत. मधला फरक म्हणजे प्रवाह. चाकाला शेवाळ आणि चिकट जीव धरतात, ते काढून घासावं लागतं, हा वैताग खरा. तरी पैसे कमी असतील तर पडदा लहान घ्यावा, चाक टाळू नये.

शिडाच्या बोटीने एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत जीपीएसवर दिशा शोधायला मनाई होती. गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ बोट घेऊन भारतीय नाविक अभिलाष टॉमी त्यात उतरले. त्या शर्यतीत वेग आणि अंतर मोजायला होता तो दोरीने मागे ओढायचा यांत्रिक लॉग. जुन्या जहाजांवर या लॉगच्या सुट्या फिरक्या बरोबर ठेवत. मोठे मासे भक्ष्य समजून त्या तोडून नेत.