श्वास मोजणाऱ्या दाया

मंडळी, रत्नागिरीत बसून गडचिरोलीची गोष्ट कशाला, असं तुम्ही म्हणाल. राज्याचं हे एक टोक, ते दुसरं. पण खाडीपलीकडच्या वाडीत रात्री तान्ह्या बाळाला धाप लागली आणि होडी सकाळीच सुटणार, ही आपली जुनी अडचण. तिथं खाडीच्या जागी जंगल, एवढाच फरक.

औषध नव्हतं असं नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, देशात पेनिसिलीन बनू लागलं. तरी न्यूमोनियानं बाळं जात राहिली. औषध तालुक्याला आणि बाळ घरात!

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत गेले. १९८८ मध्ये त्यांच्या 'सर्च' संस्थेनं १०२ गावांत प्रयोग मांडला. ५८ गावांत आरोग्यसेवक आणि दाया यांना न्यूमोनिया ओळखायला शिकवून को-ट्रायमॉक्साझोल त्यांच्याच हाती दिलं. ४४ गावं तुलनेला ठेवली. अँटिबायोटिक दाईच्या हाती? हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेणार नाही. चुकीचं निदान झालं तर?

निदानाची युक्ती पापुआ न्यू गिनीत फ्रँक शान यांच्या कामातून पुढं आली होती: खोकणाऱ्या मुलाचे श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, त्यापुढं वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, तर न्यूमोनिया समजा. पण जिला पन्नासपर्यंत मोजताच येत नाही, त्या दाईनं काय करायचं? तिच्यासाठी मण्यांची पाटी केली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिटाच्या घड्याळातली वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, की औषध सुरू. आम्हाला विचाराल तर या सगळ्या हकिकतीत मोठा शोध हाच.

१९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आकडे आले. उपचार केलेल्या ६१२ आजारांत मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के; तुलनेच्या गावांत १३.५ टक्के.

आता को-ट्रायमॉक्साझोलच्या जागी अमॉक्सिसिलिन आलं, २०२१ पासून न्यूमोकॉकसची लस देशभर मिळू लागली. श्वास मात्र अजून मोजावेच लागतात, तेही बाळ रडत नसताना, पोटावरचं कापड वर करून, पूर्ण मिनिटभर. आणि उपचार सुरू झाले की दोनेक दिवसांत धाप उतरते. नेमकी तेव्हाच घरातली माणसं औषधाची बाटली फळीवर ठेवून देतात.