जिल्हा उद्योग केंद्र काय करते? मोताळा तालुक्याच्या निमित्ताने सोपी माहिती

बुलढाणा जिल्ह्यात 'घाटावरचे' आणि 'घाटाखालचे' तालुके अशी विभागणी रोजच्या बोलण्यात असते. बुलढाण्याहून मलकापूरकडे जाताना घाट उतरल्यावर लागणारा मोताळा तालुका घाटाखालचा. कापूस, सोयाबीन, मका, तूर ही इथली पिके. नळगंगा धरण याच तालुक्यात आहे. मुंबई–नागपूर लोहमार्ग आणि राष्ट्रीय महामार्ग 53 मात्र शेजारच्या मलकापुरातून जातात. मलकापूरजवळ दसरखेडला औद्योगिक वसाहत आहे. खामगाव तर इंग्रजांच्या काळापासून कापसाची मोठी बाजारपेठ म्हणून ओळखले जाते. 1870 मध्ये कापसाच्या वाहतुकीसाठी तिथे रेल्वेचा स्वतंत्र फाटा आला.

मोताळ्याचा कच्चा माल वर्षानुवर्षे अशा बाजारपेठांकडे जात आला. कापसाची सरकी वेगळी करणे, तुरीची डाळ करणे, मक्याचे पशुखाद्य बनवणे या कामांतून मिळणारा नफा आणि मजुरी ज्या गावात प्रक्रिया होते त्या गावाला मिळते. त्यामुळे तालुक्यातच छोटा कारखाना उभा राहावा यासाठी शासन नेमके काय करते, हा प्रश्न इथल्या तरुणांसाठी महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर मुख्यतः एका कार्यालयाशी जोडलेले आहे. ते म्हणजे जिल्हा उद्योग केंद्र.

जिल्हा उद्योग केंद्र म्हणजे काय?

डिसेंबर 1977 मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या औद्योगिक धोरणात छोट्या उद्योगांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी एकच कार्यालय असावे, अशी कल्पना मांडली गेली. त्यानुसार 1978 पासून देशभर जिल्हा उद्योग केंद्रे सुरू झाली. त्याआधी नवउद्योजकाला परवान्यासाठी, कर्जासाठी आणि कच्च्या मालासाठी वेगवेगळ्या कचेऱ्यांच्या चकरा माराव्या लागत.

महाराष्ट्रात ही केंद्रे राज्याच्या उद्योग संचालनालयाखाली येतात. केंद्राचे प्रमुख महाव्यवस्थापक असतात. मोताळ्याचे केंद्र बुलढाण्याला, तर त्यावरचे उद्योग सहसंचालकांचे विभागीय कार्यालय अमरावतीला आहे.

एमआयडीसी आणि उद्योग केंद्र यांत फरक काय?

अनेकांचा इथे गोंधळ होतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, 1962 मध्ये स्थापन झाले. जमीन संपादन करणे, रस्ते, पाणी व वीज यांची सोय करणे आणि भूखंड देणे हे त्याचे काम. जिल्हा उद्योग केंद्र भूखंड देत नाही. ते योजनांचे अर्ज घेते, छाननी करून प्रकरण बँकेकडे पाठवते, अनुदानाची कार्यवाही करते आणि उद्योजकांच्या तक्रारी संबंधित खात्यांपुढे मांडते.

तक्रारींसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समिती असते. वीजजोडणी रखडली किंवा वसाहतीतला रस्ता खराब झाला, तर असे विषय या समितीपुढे येतात.

उद्योग औद्योगिक वसाहतीतच असला पाहिजे असे नाही. गावातल्या स्वतःच्या किंवा भाड्याच्या जागेतही तो सुरू करता येतो. मात्र जागेचा वापर, बांधकाम आणि व्यवसायाच्या स्वरूपानुसार लागणाऱ्या परवानग्या घ्याव्या लागतात.

मागास तालुक्यांना जास्त सवलत का?

राज्याने 1964 मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू केली. कारखाने मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यातच एकवटू नयेत, हा तिचा हेतू होता. पुढे तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. 2019 च्या योजनेची मुदत 31 मार्च 2024 पर्यंत होती.

या योजनेत तालुक्यांचे 'अ', 'ब', 'क', 'ड' आणि 'ड+' असे गट केले जातात. विनाउद्योग जिल्हे आणि नक्षलग्रस्त भाग यांचे गट वेगळे असतात. उद्योगांच्या दृष्टीने विकसित भाग 'अ' गटात येतो. तालुका जितका मागास तितकी सवलत मोठी, हे सूत्र आहे. विदर्भ आणि मराठवाड्याचा स्वतंत्र विचारही होतो. राज्य जीएसटीशी निगडित अनुदान, व्याज अनुदान, विद्युत शुल्क व मुद्रांक शुल्क यांत सूट असे या सवलतींचे स्वरूप असते.

ही मदत प्रामुख्याने उद्योग उभा राहून उत्पादन सुरू झाल्यावर मिळते. सुरुवातीचे भांडवल तिच्यातून येत नाही. त्यासाठी दुसऱ्या योजना आहेत.

भांडवलासाठी कोणत्या योजना आहेत?

जिल्हा उद्योग केंद्रात सर्वाधिक विचारणा दोन योजनांची होते. 2008 पासूनचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम (पीएमईजीपी) केंद्राचा आहे, तर 2019 मध्ये सुरू झालेला मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम (सीएमईजीपी) राज्याचा. दोन्हींत अनुदानाचे मूळ प्रमाण सारखे आहे. सर्वसाधारण गटाला शहरी भागात प्रकल्प खर्चाच्या 15 टक्के आणि ग्रामीण भागात 25 टक्के अनुदान मिळते. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, माजी सैनिक अशा विशेष गटांसाठी हेच प्रमाण 25 आणि 35 टक्के आहे. स्वतःचा हिस्सा सर्वसाधारण गटाला 10 टक्के, विशेष गटाला 5 टक्के घालावा लागतो.

एक हिशेब पाहू. मोताळा तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात पीएमईजीपीतून 20 लाख रुपयांची डाळ मिल उभारायची आहे, असे धरू.

सर्वसाधारण गटातील पुरुष अर्जदार: स्वतःचे 2 लाख, अनुदान 5 लाख, उरलेले 13 लाख कर्ज.

महिला अर्जदार: स्वतःचे 1 लाख, अनुदान 7 लाख, उरलेले 12 लाख कर्ज.

प्रत्यक्षात बँक पहिल्या उदाहरणात 18 लाखांचे कर्ज मंजूर करते. अनुदानाचे 5 लाख अर्जदाराच्या हाती येत नाहीत. ते बँकेत 3 वर्षे ठेव म्हणून राहतात. या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. 3 वर्षांनी उद्योग चालू असल्याची पडताळणी झाली की रक्कम कर्जात जमा होते. मिल मध्येच बंद पडली तर अनुदान हातचे जाऊ शकते. शिवाय जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरली जात नाही.

अन्नप्रक्रियेसाठी आणखी एक वाट आहे. 2020 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, पण कमाल 10 लाख रुपये अनुदान आहे. ही योजना मात्र राज्यात कृषी विभाग राबवतो. त्यामुळे डाळ मिलसाठी अर्ज करण्यापूर्वी दोन्ही कार्यालयांत चौकशी करून एक योजना निवडणे सोयीचे.

अर्ज कुठे अडतो?

जिल्हा उद्योग केंद्र शिफारस करते, कर्ज देते ती बँक. अर्जाचा खरा कस तिथे लागतो. अर्जदाराचे जुने कर्ज थकलेले नाही ना, माल कोण घेणार, वर्षातले किती महिने यंत्र चालेल, हे बँक पाहते. मोताळ्यासारख्या शेतीप्रधान तालुक्यात शेवटचा प्रश्न कळीचा आहे. तूर एका हंगामात येते. कच्चा माल साठवायला खेळते भांडवल नसेल, तर मिल काही महिने चालते आणि हप्ते मात्र बारा महिने भरावे लागतात. दुसऱ्या गावासाठी केलेला प्रकल्प अहवाल नाव बदलून जोडला की नेमकी हीच बाजू उघडी पडते.

तारणाची अडचण असल्यास सीजीटीएमएसई या पत हमी निधीची सोय आहे. ही हमी बँकेला मिळते. अर्जदाराची परतफेडीची जबाबदारी तिच्यामुळे कमी होत नाही.

उद्योग सुरू झाल्यावर

उद्यम नोंदणी आधीच झालेली असावी. ती शासनाच्या संकेतस्थळावर विनाशुल्क होते. खासगी संकेतस्थळे तिच्यासाठी पैसे घेतात, ते भरण्याची गरज नाही.

या नोंदणीचा मोठा उपयोग थकलेल्या पैशांसाठी होतो. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने कमाल 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. तक्रार सुविधा परिषदेकडे ऑनलाइन करता येते. एक मोठे बिल अडकले तरी छोट्या कारखान्याचे चाक थांबते, म्हणून ही तरतूद अनुदानाइतकीच मोलाची आहे.

सुरुवात कशी करावी?

आधी बाजार पाहावा, मग यंत्राचे दरपत्रक घ्यावे, प्रकल्प अहवाल स्वतः समजून तयार करावा आणि बँकेशी बोलून मगच ऑनलाइन अर्ज भरावा. योजनांच्या मर्यादा आणि तालुक्याचा गट शासन निर्णयांनुसार बदलतो, त्यामुळे अर्जाच्या दिवशी लागू असलेला निर्णय बुलढाण्याच्या केंद्रात विचारून घ्यावा. कर्ज मंजूर होण्याआधी यंत्र विकत घेऊ नये. आधी केलेला खर्च प्रकल्पात धरला जाईलच, याची खात्री नसते.