गाडा आला, भात नाही

एरंडोलला सातबाऱ्याचा उतारा काढायला गेलो होतो. दुकानातल्या पोरानं जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलेलं. उतारा काही उघडेना. त्यानं काहीतरी खडखड टाइप केलं, तेव्हा स्क्रीनवर अक्षरांच्या गर्दीत दोन शब्द दिसले: 'नो कॅरिअर'. पोरगं वाकलं, मागची केबल उपसली, टोकावर फुंकर मारली, पुन्हा खोचली. टोकाची प्लास्टिकची क्लिप कधीच मोडलेली. हिरवा दिवा लागला.

मी मात्र त्या कॅरिअरपाशीच अडलो. आपलं कॅरिअर सायकलला असतं. त्यावर गोणी बांधायची, नाहीतर धाकट्या भावाला बसवायचं. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमार्गे लॅटिन 'कार्रुस'पासून आला. कार्रुस म्हणजे गाडा. 'कार' त्यातलीच. पोरांचं 'करिअर'सुद्धा त्यातलंच, मूळ अर्थ गाडीवाट. तेव्हा कुणी करिअरला कॅरिअर म्हणालं तर हसू नये.

कॉम्प्युटरमध्ये हा गाडा टेलिफोनच्या तारेवरून आला. मोडेम एक सूर धरून ठेवी आणि मजकूर त्यावर लादला जाई. सूर तुटला की मोडेम कळवी, 'नो कॅरिअर'. पुढे मोडेम अडगळीत गेले, शब्द राहिला. १० मेगाबिटच्या इथरनेटमध्ये तार रिकामी असली तरी साधारण दर १६ मिलिसेकंदांनी एक ठोका जातो. ठोके बंद पडले की कार्डावरची चिप एका बिटात शून्य मांडते. तार लगेच जुळली तरी ऑपरेटिंग सिस्टिमनं वाचेपर्यंत तो शून्य हलत नाही. पक्का हिशेबनीस! लिनक्समध्ये तर 'कॅरिअर' नावाची फाइलच असते. आत १ किंवा ०, बस्स.

बँकेत याच दुखण्याला 'लिंक नाही' म्हणतात. लिंक म्हणजे साखळीची कडी. तिला पुस्तकी मराठीत 'दुवा' म्हणतात खरं, पण काउंटरवर 'आज दुवा नाही' ऐकलं तर माणूस आशीर्वादालाही मुकल्यासारखा परत फिरेल.

"भाऊ, लिंक शे, पन नेट नही," पोरगं म्हणालं.

हे एरंडोलात ऐकावं! इथं पांडववाडा आहे, आणि गावाला लोक महाभारतातली एकचक्रानगरी मानतात. बकासुराचा रतीब ठरलेला: गाडाभर भात, दोन रेडे, एक माणूस. भीम गाडा घेऊन गेला आणि भात स्वतःच खात बसला. कॅरिअर १, पदरात शून्य. विंडोज म्हणूनच नुसत्या दिव्यावर विसंबत नाही. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून एक चिमुकली फाइल मागवून बघतं. शितावरून भाताची परीक्षा.

उतारा दुसऱ्या दिवशी मिळाला. दिवा आदल्या दिवशीइतकाच हिरवा होता.